थेल्माच्या मॉरिसमधले जुने पॉइंट

व्हर्नन क्लेग आजही रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो, आणि बाहेर पडताना लोक त्याला आपणहून विचारतात, "काय व्हर्नन, बरं चाललंय ना?" मी विचारत नाही. थेल्मा एन्टविसल तर नाहीच नाही. आम्हा दोघींना गावात कुणी खुनशी म्हणतं, कुणी हट्टी म्हणतं. म्हणोत बापडे. काय झालं ते एकदा सरळ सांगितलं पाहिजे.

थेल्मा माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये दगडी भिंत आहे, कमरेएवढी, आणि गेली तीसेक वर्षं आमच्या निम्म्या गप्पा त्या भिंतीवरूनच झाल्या. ती बसड्रायव्हर होती. हॅरोक्लफच्या डेपोतली पहिली बाई. पहिल्या दिवशी डेपोतल्या पुरुषांनी तिच्या सीटवर एक जाड उशी ठेवली होती, काचेतून पुढचा रस्ता दिसावा म्हणून. तिनं ती उशी घरी आणून मांजराला दिली आणि दुसऱ्या दिवसापासून डबलडेकर चालवायला लागली. आमचं गाव म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यात कोंबलेल्या जुन्या गिरण्या आणि उभे चढ. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फाची काच झालेली असायची, तेव्हा तिची बस येणार म्हटलं की लोक निर्धास्त थांब्यावर उभे राहायचे. रिटायर होईपर्यंत तिनं साधा आरसासुद्धा कुठे घासला नाही.

आणि तिची स्वतःची गाडी म्हणजे मॉरिस मायनर. उघड्या टपाची, फिक्या हिरव्या रंगाची, सासष्ट सालची. ऐन तिशीत घेतलेली. लग्न केलं नाही, गाडी केली, असं ती स्वतःच म्हणायची. त्या गाडीचं सगळं ती स्वतः करायची. तेल बदलणं, ब्रेक आवळणं, आणि दर काही महिन्यांनी पॉइंट. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर नावाचा एक डबा असतो. त्याच्या टोपीखाली दोन इवलेसे धातूचे पॉइंट फिरत्या दांड्याबरोबर उघडमीट करतात, आणि त्या उघडमिटीवर प्लगला ठिणगी मिळते. दोघांमधली फट जाड कागदाएवढी. ती थोडी इकडेतिकडे झाली, पॉइंटांवर काजळी धरली, की गाडी रुसून बसते. आमच्याकडच्या दमट हवेत तर फारच.

मग थेल्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला. ऑपरेशनसाठी रांग लांब होती, नंबर येता येत नव्हता. चष्मा, भिंग, वर टॉर्च, सगळं करूनही तिला ती फट दिसेना. एकदा परसात बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून राहिली आणि मग सरळ होऊन म्हणाली, "संपलं. आता इलेक्ट्रॉनिक बसवून घेते. मग पॉइंटही नको आणि फटही नको."

इलेक्ट्रॉनिक म्हणजे एक छोटासा तुकडा मिळतो. तो पॉइंटच्या जागी टोपीखाली बसतो, आणि मग काही घासत नाही, काही झिजत नाही. बाहेरून गाडी जुनीच दिसते. थेल्मानं गाडी व्हर्नन क्लेगच्या गॅरेजमध्ये नेली. गावात गॅरेज एकच. व्हर्नन तिच्याहून दोन वर्षांनी लहान, एकाच शाळेतला, तरी तिला 'पोरी' म्हणायचा. सगळ्याच बायकांना म्हणायचा. गाडी परत मिळाली तेव्हा इंजिनाशेजारी एक नवीकोरी लालचुटुक कॉइल, ठिणगीला वीज पुरवणारी नळकांडी, चमकत होती.

"झालं काम, पोरी," व्हर्नन म्हणाला. "एकच सांगतो. टोपी उघडायची नाही. आत आता इलेक्ट्रॉनिक आहे. दमट हवा लागली की कामातून गेलं. तुला आता आयुष्यात तिथे बघायची गरज नाही."

थेल्मानं पैसे दिले, आभार मानले, आणि टोपी उघडली नाही.

पुढची तीन वर्षं गाडी पहिल्यासारखीच रुसायची. धुकं पडलं की हमखास. थेल्मा तीनदा गॅरेजमध्ये जाऊन आली, आणि तिन्ही वेळा व्हर्ननचं उत्तर एकच. "मशीनमध्ये दोष नाही, पोरी. तू चोक जास्त ओढतेस. इंजिन पेट्रोलनं बुडवतेस. वय झालं की हाताला अंदाज राहत नाही." एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ. पण बोलिंगच्या क्लबात, हातात बिअरचा ग्लास घेऊन, तो तिची नक्कलही करायचा. चोक ओढणारी म्हातारी. माझा नवरा तिथे होता, त्यानंच घरी येऊन सांगितलं. लोक पोट धरधरून हसले म्हणे. यांतल्या निम्म्या लोकांना थेल्मानं बर्फातून सुखरूप घरी सोडलेलं.

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? तिला ते पटलं. पंचवीसेक वर्षं दुमजली बस चालवलेली बाई, गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहायला लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. चोकला हात लावायची, मागे घ्यायची, परत लावायची. एकदा भिंतीवरून म्हणाली, "खरंच गं, माझ्या हाताचं काही सांगता येत नाही आता." मी म्हटलं, "उगाच काहीतरी बोलू नकोस." पण मला तरी काय माहीत होतं?

जूनमध्ये आमच्या गावची जत्रा असते. शाळेतली एक मुलगी गुलाबराणी होते, तिला मुकुट घालतात, आणि मिरवणुकीत ती सगळ्यांत पुढे उघड्या गाडीत बसते. कितीतरी वर्षं ती गाडी थेल्माची. मागे ब्रास बँड, त्यामागे शाळेची मुलं, नटवलेले ट्रक, शेवटी अग्निशमन दलाचा बंब. तिसऱ्या वर्षी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. बँक स्ट्रीटचा चढ अर्धा चढून झाला आणि मॉरिस फुरफुरली, खोकली, बंद पडली.

थेल्मानं सेल्फ मारला. नाही. परत मारला. नाही. मागे बँड जागच्या जागी पाय आपटत वाजवत राहिला, मग एकेक वाद्य गप्प झालं. गाडीत मुकुट घातलेली पोरगी पावसात भिजत बसलेली. फुटपाथवरून कुणीतरी ओरडलं, "बसचा पास काढा आता." आणि मागच्या रांगेतून आपली चकचकीत जीप बाजूला घेऊन व्हर्नन पुढे आला. थेल्माच्या दारापाशी वाकला आणि आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "सरक बाजूला, पोरी. परत बुडवलंस ना इंजिन?"

गुलाबराणीला त्यानं आपल्या जीपमध्ये घेतलं. टाळ्या पडल्या. चार जणांनी मॉरिस ढकलून गल्लीत लावली, आणि थेल्मा मिरवणूक जाईपर्यंत तिच्यात बसून राहिली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

सप्टेंबरमध्ये तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि काही दिवसांतच बाईला लांबच्या डोंगरावरच्या मेंढ्या मोजता यायला लागल्या. आमच्या खिडकीवरची धूळही तिला दिसली आणि तिनं ते सांगितलंही. मग एका शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "जरा इकडे ये गं. हे बघ, मला दिसतंय तेच तुला दिसतंय का?"

बॉनेट उघडं होतं. डिस्ट्रिब्यूटरची टोपी वायरींसकट बाजूला काढून ठेवलेली. मी वाकून बघितलं. मला यातलं फारसं कळत नाही, पण पूर्वी टॉर्च धरायला मीच असायचे, त्यामुळे पॉइंट कसे दिसतात ते मला पाठ होतं. ते पॉइंटच होते. काळे पडलेले, एका बाजूनं खड्डा पडलेले.

"जुनेच?" मी विचारलं.

"माझे मी बसवलेले," थेल्मा म्हणाली. "हा स्क्रू बघ. याची खाच माझ्याच हातून खराब झाली होती. त्यानं टोपीसुद्धा उघडली नाही. लाल कॉइल लावली आणि मला सांगितलं, उघडू नकोस."

ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. हातातला स्क्रू ड्रायव्हर तिनं फडक्यानं पुसला, परत पुसला, पुसतच राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं मी माझ्या हातांवर संशय घेतला."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊ गॅरेजवर. ती म्हणाली, "नाही. आधी मी बसवते. स्वतःच्या हातानं. गाडी चालायला लागू दे, मग बोलू."

तुकडा तिनं टपालानं मागवला. तो आला त्या दिवशी परसातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ती कामाला बसली. बॅटरीची वायर सोडवली, रोटर उपटून काढला, पॉइंट काढले, कंडेन्सर काढला. त्या जागी काळा तुकडा बसवला, मधल्या दांड्यावर चुंबकाचं कडं दाबून बसवलं, दोन वायरी बाजूच्या भोकातून ओढून कॉइलला जोडल्या. सगळं नीट, हळूहळू. टोपी लावली, बॅटरी जोडली, चावी फिरवली. एक बारीक जळका वास आला, बस्स.

जुन्या मॉरिसची बॅटरी आजच्या गाड्यांच्या उलट जोडलेली असते. प्लसची बाजू गाडीच्या पत्र्याला. त्यासाठी तुकडाही वेगळा लागतो. थेल्माला हे माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर तीच बॅटरी तिनं लावली-काढली होती. पण रागाच्या भरात मागवताना तिच्या डोक्यातून गेलं. त्या दिवशी ती स्वतःवर जेवढी चिडली, तेवढं चिडलेलं मी तिला कधी बघितलं नाही. "मूर्ख, मूर्ख, मूर्ख," असं म्हणत ती परसात येरझाऱ्या घालत होती. मी बटाटा भरून भाजलेली पाय-पेस्ट्री घेऊन गेले, तर म्हणाली, "मला नको. माझी लायकी नाही." मग अर्धी खाल्ली.

दुसरा तुकडा योग्य आला. आता तिनं प्रत्येक वायर दोनदा तपासली, मला मोठ्यांदा वाचून दाखवायला लावलं. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. चमकणारा एक दिवा असतो, तो इंजिनच्या पुलीवर धरला की फिरती खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. थेल्मानं दिवा धरला आणि डिस्ट्रिब्यूटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत खूण जुळवली. इंजिनचा आवाज बदलला. पूर्वी त्यात एक अडखळ असायची, ती गेली. बाहेर धुकं इतकं होतं की समोरची गिरणीची चिमणी दिसत नव्हती, आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली होती. तिनं बंद केली, परत सुरू केली. परत बंद, परत सुरू. किती वेळा, देव जाणे. पलीकडचे मिस्टर ग्रिमशॉ खिडकी उघडून म्हणाले, "थेल्मा, चालते गं ती. कळलं आम्हाला."

सोमवारी ती गॅरेजवर गेली, मीही बरोबर. काढलेले पॉइंट तिनं व्हर्ननच्या काउंटरवर ठेवले.

"हे काय, पोरी?"

"तू बसवलेलं इलेक्ट्रॉनिक," थेल्मा म्हणाली.

व्हर्ननचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यानं मान हलवली, आवाज खाली आणला, अगदी मयताला आल्यासारखा. "अरेरे. विल्फनं केलं असणार हे. तुझी गाडी त्याच्याकडेच दिली होती मी. शेवटी शेवटी विसरायला लागला होता बिचारा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून मी कधी बोललो नाही."

विल्फ शार्पल्स म्हणजे त्याच्या गॅरेजमधला जुना मेकॅनिक. आख्खं आयुष्य क्लेगकडे घालवलं आणि फुप्फुसांच्या आजारानं गेला. थेल्मा वळली आणि बाहेर पडली. मला वाटलं, तिला पटलं. पण घरापर्यंत आलो आणि ती फाटकात थांबली.

"आयरीनला मी हॉस्पिटलात नेत होते तेव्हा," ती म्हणाली. "गाडी व्हर्ननकडून आली त्याच आठवड्यात. हॉस्पिटलच्या आवारात बंद पडली होती, आठवतं? आम्ही विल्फलाच भेटायला गेलो होतो. तो तर महिनाभर आधीपासून तिथे होता."

आयरीन म्हणजे विल्फची बायको. मला आठवत होतं. मीच त्या दिवशी त्या दोघींसाठी सूप करून ठेवलं होतं.

माणूस पैसे खातो, ते समजतं. पकडला गेला की खोटं बोलतो, तेही समजतं. पण ज्यानं तुझ्या गॅरेजमध्ये धूर आणि तेल खाऊन आयुष्य काढलं, त्याच्या थडग्यावर आपली घाण टाकायची? थेल्मा म्हणाली, "आयरीनला यातलं काही कळता कामा नये. तिला कशाला त्रास." आम्ही तसं ठरवलं.

ठरवलेलं टिकलं नाही, आणि तेही व्हर्ननमुळेच. जत्रेच्या कमिटीची बैठक चर्चच्या हॉलमध्ये होती. कमिटीच्या प्रमुख मिसेस ऑग्डन, पाद्रीबुवा, व्हर्नन, थेल्मा, मी, आणखी पाच-सहा जण. चहा नेहमीप्रमाणे आयरीन करत होती. गुलाबराणीच्या गाडीचा विषय निघाला. व्हर्नन खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "या वर्षीपासून माझीच जीप घ्या. थेल्माची मॉरिस आता संग्रहालयात ठेवायची वस्तू झाली. परवा म्हणे परसात काहीतरी प्रयोग केला आणि आख्खा तुकडा जाळला. गल्लीभर धूर."

लोक हसले. थेल्मा त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबली.

"जाळला," ती म्हणाली. "माझ्याच चुकीनं. दुसरा लावला, तो चालतोय. आता तू सांग, तू काय लावलं होतंस?"

"ते आपलं बोलणं झालंय, पोरी."

"इथे नाही झालं. बँक स्ट्रीटवर तू सगळ्यांसमोर बोललास, तर हेही सगळ्यांसमोर होऊ दे. माझ्या गाडीत तू काहीच बसवलं नव्हतंस. पॉइंट माझे जुनेच होते. आणि तीन वर्षं गावभर सांगत होतास, थेल्माला चोक कळत नाही."

व्हर्ननची मान लाल झाली. मग तो मिसेस ऑग्डनकडे वळला आणि तोच मयताचा आवाज काढला. "मला हे बोलायचं नव्हतं. पण काम विल्फनं केलं होतं. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, शेवटी शेवटी त्याचं लक्ष राहिलं नव्हतं."

आयरीन किटली घेऊन त्याच्या मागेच उभी होती. त्याला माहीत नव्हतं. तिनं किटली टेबलावर ठेवली. तिचा आवाज एरवीही बारीक, त्या दिवशी तर ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"थेल्माची गाडी तुझ्याकडे होती तेव्हा विल्फ हॉस्पिटलात होता, व्हर्नन. नाकात ऑक्सिजनची नळी होती. तू आला होतास भेटायला. द्राक्षं आणली होतीस. त्यानं तुला विचारलं, थेल्माची मॉरिस आलीय म्हणे, कोण करतंय? तू म्हणालास, मीच करतोय, काळजी करू नकोस."

व्हर्नननं कोट घेतला आणि दाराकडे गेला. दार ओढायचं की ढकलायचं, हेही त्याला कळेना.

आणि मग काय झालं? माझं डोकं फिरलं ते यानंच. कुणी काही बोललं नाही. मिसेस ऑग्डननी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आता हा विषय इथेच संपवू या. जत्रेवर सावट नको." पाद्रीबुवा म्हणाले, "क्षमा करायला शिकलं पाहिजे आपण सगळ्यांनी."

"क्षमा मागितल्यावर करायची असते, पाद्रीबुवा," थेल्मा म्हणाली. "इथे मागितलीय कुणी?"

पाद्रीबुवांनी बिस्किट घेतलं.

आयरीन हात पुसत उभीच होती. तिच्या नवऱ्याला नुकतंच तिच्यासमोर चोर ठरवलं होतं, आणि या लोकांना जत्रेवरच्या सावटाची पडली होती. थेल्मानं तिचा कोट आणला, तिला घातला, आणि आम्ही तिघी निघालो. मॉरिस दाराशीच होती. पाऊस चांगलाच लागला होता. आयरीन वाटेत एकदाच बोलली. "विल्फ गाडी कधी अर्धी सोडायचा नाही." थेल्मा म्हणाली, "माहीत आहे गं. सगळ्या गावाला माहीत आहे."

चार दिवसांनी आयरीनच्या दारात फुलांची टोपली आली. सोबत कार्ड, 'क्लेग मोटर्सकडून'. माफीचा शब्द नाही, स्वतःचं नाव नाही, गॅरेजचं नाव. आयरीननं फुलं पाण्यात ठेवली, कारण फुलांचा काही दोष नव्हता असं ती म्हणाली, आणि कार्ड कचऱ्यात टाकलं.

थेल्माच्या हातात व्हर्नननं पैशांचं पाकीट कोंबायचा प्रयत्न केला, किराणा दुकानाच्या रांगेत. तिनं ते त्याच्याच टोपलीत, अंड्यांवर ठेवलं. म्हणाली, "हे मला नको. तू आयरीनच्या घरी जा, दार वाजव आणि तोंडानं सांग. मग क्लबात जा आणि तिथेही सांग." तो म्हणाला, "जाऊ दे ना आता, थेल्मा." 'पोरी' तेवढं सुटलं होतं.

तो गेला नाही. आजतागायत गेलेला नाही.

मिरवणुकीची गाडी कुणाची, हे कमिटीनं मे महिन्यापर्यंत ठरवलंच नाही. जीप घ्यायला तोंड नव्हतं आणि मॉरिस घ्यायला धीर नव्हता. शेवटी त्या वर्षीच्या गुलाबराणीच्या आईनंच थेल्माचं दार वाजवलं. माझ्या मुलीला तुमच्या गाडीत बसायचंय, म्हणाली. थेल्मानं हो म्हटलं, एका अटीवर, की पुढच्या सीटवर आयरीन बसेल. बसली. निळी हॅट घालून, मांडीवर पर्स घट्ट धरून. मॉरिस बँक स्ट्रीट चढून गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण गाडी चढ चढली यात टाळ्या वाजवण्यासारखं लोकांना काही वाटत नाही. बंद पडली असती तर मात्र वर्षभर बोलायला पुरली असती.

गावातल्या गाड्या अजून व्हर्ननकडेच जातात. लोक म्हणतात, जवळ आहे, काय करणार. हॉलमध्ये त्या दिवशी बसलेल्यांपैकी दोघांनी तर पुढच्याच आठवड्यात त्याच्याकडून टायर बदलून घेतले. थेल्मा हवा भरायलाही डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी जाते. मी एकदा म्हटलं, "एवढं कशाला गं? हवाच तर आहे."

"त्याची आहे," ती म्हणाली, आणि चावी फिरवली.